खाऱ्या टाकीचा संप गोड्या पाण्यासाठी वापरावा, की कॅनिस्टर घ्यावा?

समुद्री माशांची टाकी बंद केल्यावर तिचा संप, म्हणजे पाणी गाळण्यासाठी टाकीखाली ठेवलेली कप्प्यांची दुसरी टाकी, रिकामा राहतो आणि तोच गोड्या पाण्याच्या टाकीखाली बसवावा, असे वाटणे साहजिक आहे. काच चांगली असते, कप्पे तयार असतात, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंपही चालू असतो. तरीही हा निर्णय संपाकडे पाहून घेऊ नये, वरच्या टाकीकडे पाहून घ्यावा. तिला ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी आपोआप खाली उतरवणारी वाट, आहे का आणि तिच्यात कोण राहणार आहे, हे स्पष्ट झाले की जुना संप, कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) किंवा नव्याने बांधलेला साधा संप यांतून निवड करणे अवघड राहत नाही.

आधी ओव्हरफ्लोचे पाहू. कॅनिस्टर बंदिस्त असल्यामुळे टाकीत दोन नळ्या सोडल्या की त्याचे काम सुरू होते. संपाला मात्र पाणी वरून आपोआप खाली यावे लागते आणि त्यासाठी टाकीला भोक असणे हाच भरवशाचा मार्ग आहे. साध्या काचेला हिऱ्याची धार असलेल्या होल-सॉने, सतत पाणी सोडत, भोक पाडता येते. टेम्पर्ड (उष्णतेने कडक केलेल्या) काचेला पाडायला गेल्यास तिचा चुरा होतो, आणि अनेक तयार टाक्यांचा तळ टेम्पर्ड असतो. कडेवर टांगायची ओव्हरफ्लो पेटी हा पर्याय सुचवला जातो, पण ती सायफनवर, म्हणजे वळलेल्या नळीतल्या सलग पाण्याच्या ओढीवर, चालते. नळीच्या वळणात हवेचे बुडबुडे साचून सायफन तुटला की खाली येणारे पाणी थांबते, पंप मात्र रिटर्न कप्पा रिकामा होईपर्यंत पाणी वर फेकत राहतो आणि ते टाकीच्या कडेवरून जमिनीवर येते. म्हणून भोक नसेल आणि पाडता येत नसेल, तर माझ्या मते कॅनिस्टरच घ्यावा.

भोक असेल तर पुढचा विचार करण्यात अर्थ आहे, आणि तेथे दोन्ही प्रकारच्या टाक्यांतला मूळ फरक समोर येतो. समुद्री टाकीत अमोनियाचे नायट्रेट करणारे बहुतेक जिवाणू वरच्या टाकीतल्या लाइव्ह रॉकवर, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र समुद्री खडकांवर, राहतात. खालचा संप हे मुख्यतः उपकरणांचे घर असते. गोड्या पाण्यात हे काम संपातल्या मीडियाला, म्हणजे जिवाणूंना राहायला जागा देणाऱ्या स्पंज, रिंग अशा भरावाला, करावे लागते. म्हणजे उपकरणांसाठी आखलेले कप्पे मीडियासाठी वापरायचे आहेत. संपातली सर्वांत मोठी जागा फेसातून घाण काढणाऱ्या ज्या प्रोटीन स्किमरने अडवलेली असते, तो गोड्या पाण्यात निरुपयोगी ठरतो. खाऱ्या पाण्यातले क्षार बुडबुडे एकमेकांत मिसळू देत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय घाण चिकटून फेसाबरोबर वर येते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकत्र होऊन मोठे होतात आणि झटकन वर निघून जातात. स्किमर निःसंकोच काढून टाकावा. मोकळा झालेला कप्पा हाच या रूपांतराचा खरा लाभ आहे.

तो कप्पा भरताना मात्र काळजी हवी. पाणी नेहमी सोपी वाट धरते. मीडिया पिशवीत भरून कप्प्यात नुसता टाकला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जाते आणि रिंगांच्या मधोमध गाळ बसतो. सुरुवातीला फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी), त्यानंतर जाड छिद्रांपासून बारीक छिद्रांपर्यंत उभे स्पंज, आणि मग सिरॅमिक रिंग किंवा बायोबॉल (प्लॅस्टिकचे खाचदार गोळे), असा क्रम ठेवावा. स्पंज कप्प्याच्या रुंदीपेक्षा काही मिलिमीटर जास्त कापावा, म्हणजे तो दाबून बसतो आणि काचेलगत फट उरत नाही. रिंगांखाली प्लॅस्टिकची जाळी उंचावर बसवली की पाणी खालून वर चढते आणि गाळ जाळीखाली साचतो. तेथून तो नळीने ओढून काढता येतो. बुडबुडे अडवणारे काचेचे पडदे आहेत तसेच राहू द्यावेत. रेफ्युजियमच्या, म्हणजे शेवाळ वाढवायच्या, कप्प्यातले समुद्री शेवाळ गोड्या पाण्यात जगत नाही. तेथे जावा मॉस लावता येते किंवा मनीप्लांटची मुळे पाण्यात सोडता येतात. पाणी नियमित बदलणाऱ्याने या कप्प्यातही मीडियाच भरला तरी काही बिघडत नाही.

मीठ धुऊन काढणे सोपे आहे. काचेवरचे कोरलाइन शेवाळ आणि चुन्याचे थर व्हिनेगरने सुटतात. जुने खडक आणि प्रवाळाची वाळू मात्र पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे पाण्याची कठीणता आणि पीएच वाढवतात. मलावी किंवा टांगानिका सरोवरातल्या सिक्लिडना हे मानवते, टेट्रा आणि डिस्कसना नाही. शिवाय समुद्री माशांवर तांब्याचे औषध केले गेले असेल, तर ते या खडकांत मुरून राहते आणि झिंगे व गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. ओला ठेवलेला जुना मीडिया ‘तयार’ आहे, असेही समजू नये. खाऱ्या पाण्यातले जिवाणू गोड्या पाण्यात बहुतांशी मरतात आणि ते कुजून उलट अमोनियाच वाढतो. जिवाणूंची नवी वसाहत उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे धरावेत. चालू असलेल्या गोड्या टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो.

वीज गेल्यावर काय होईल, हे आधी मोजून ठेवावे. पंप थांबला की टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या किंवा रिटर्न नळीच्या तोंडाच्या पातळीपर्यंत खाली येते. समजा, टाकीची लांबी 120 सेंटिमीटर आणि रुंदी 45 सेंटिमीटर आहे. तिची पातळी 1 सेंटिमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी खाली येते, 4 सेंटिमीटर उतरली की 21.6 लिटर. 90 बाय 40 सेंटिमीटरच्या संपात एवढे पाणी पातळी 6 सेंटिमीटर चढवते आणि पाइपमधले पाणी त्याशिवाय असते. म्हणून संपात किमान 10 सेंटिमीटर रिकामी उंची राखावी आणि रिटर्न नळीला पाण्याच्या पातळीलगत हवेचे छोटे भोक ठेवावे. निव्वळ चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) विसंबू नये. त्यात कचरा अडकला की तो पूर्ण बंद होत नाही. कॅनिस्टरला ही भीती नसते, पण वीज बराच वेळ गेल्यास त्याच्या बंद डब्यातला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. संपाचे पाणी उघडे असल्यामुळे तेथे ही वेळ बरीच उशिरा येते.

आता रहिवाशांकडे वळू. कार्बन डायऑक्साइड सोडून दाट वनस्पती वाढवायच्या असतील, तर पाण्याच्या पडण्यातून तो वायू उडून जातो. पाण्याचा पडण्याचा टप्पा कमी करून आणि संपावर झाकण ठेवून हे नुकसान कमी होते, पण अशा टाकीला कॅनिस्टर अधिक सोयीचा आहे. डिस्कस किंवा मोठे सिक्लिड असतील, तर पारडे संपाकडे झुकते. 28 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो. अशा ठिकाणी पृष्ठभागावरचे पाणी सतत ओव्हरफ्लोतून खाली उतरत राहणे फार मोलाचे ठरते. हीटरही संपात लपतो आणि माशांच्या धक्क्यापासून वाचतो. पिल्ले आणि झिंगे मात्र प्रवाहाबरोबर खाली जातात, त्यामुळे ओव्हरफ्लोच्या दात्यांवर जाळी हवीच.

जुना पंप गोड्या पाण्यात व्यवस्थित चालतो, मात्र त्याचा प्रवाह तपासून घ्यावा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो आणि पाणी मीटर-सव्वा मीटर चढवताना तो बराच घटतो. गोड्या टाकीला ताशी तिच्या पाण्याच्या 4 ते 6 पट प्रवाह सहसा पुरतो. जास्त असेल तर टी (तीन तोंडांचा जोड) जोडून काही पाणी परत संपाच्या पहिल्या कप्प्यात सोडावे.

जुन्या संपाचे पडदे मीडियाच्या मार्गात येत असतील किंवा सिलिकॉन कडांना सुटू लागले असेल, तर त्याची डागडुजी करत बसण्यापेक्षा साध्या आयताकृती टाकीत स्वतःला हवे तसे तीन पडदे बसवलेले बरे. सिलिकॉन वरवर चांगले दिसत असले तरी संप भरून, खाली कोरडा कागद पसरून, दोन दिवस तसाच ठेवावा. कागदावर एकही ओला डाग उमटला तर नवा संप बांधावा.