आरओचा हाय-प्रेशर पंप: मल्टिस्टेज की प्लंजर?

बोअरच्या खारट पाण्याचा आरओ (दाबाने पाणी मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणारी यंत्रणा) साधारण 10 ते 20 बार दाबावर चालतो. तिथे उभा मल्टिस्टेज सेंट्रिफ्युगल पंपच (एकामागोमाग फिरत्या चक्रांनी टप्प्याटप्प्याने दाब वाढवणारा) घ्यावा. प्रवाह एकसारखा, मेम्ब्रेनला हिसके नाहीत, आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला की सुरुवातीचा दाबही हळूहळू चढतो. फक्त तो कोरडा चालता कामा नये; सक्शनला, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूला, लो-प्रेशर स्विच (दाब घटला की पंप बंद करणारा) हवाच.

समुद्राच्या पाण्याला 55 ते 70 बार लागतात. प्रकल्प लहान असेल तर इथे प्लंजर पंप (पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याने पाणी ढकलणारा) वीज वाचवतो. त्याची कार्यक्षमता 85 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते, छोटा सेंट्रिफ्युगल बराच मागे राहतो. पण प्लंजर पंपाच्या डिलिव्हरीचा (पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा) व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर दाब चढतच जातो, म्हणून जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हशिवाय तो सुरूच करू नका. पल्सेशन डॅम्पनर (दाबाचे हिसके शमवणारा), पॅकिंग (गळती रोखणारे सील) आणि तेलाचा खर्चही आधीच धरा.