२३० व्होल्टच्या स्टिकरखाली

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. 'अमेरिकन फोटो प्रेस, २३० व्होल्टवर चालणारा, प्रिंट एकदम सपाट.' टेबल तेच, मागची निळी भिंत तीच, प्रेस, म्हणजे वळलेले फोटो गरम प्लेटखाली दाबून सपाट करणारं यंत्र, मात्र दुसरा. मला फसवलं तोच हा माणूस. पुढच्याने पैसे पाठवण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय.

अण्णांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर निगेटिव्हचे डबे पुण्याला माझ्याकडे आले. त्यात १९७२च्या दुष्काळातले दोन रोल आहेत, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांचे. ते नीट छापायचे, टिकतील असे छापायचे, म्हणून मी बाथरूममध्ये डार्करूम थाटली आणि फायबर पेपरवर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या फोटोच्या कागदावर, प्रिंट काढायला लागलो.

फायबर पेपर ज्यांनी हाताळलाय त्यांना त्याची खोड माहीत आहे. वाळताना इमल्शन, म्हणजे ज्यात चित्र उमटतं तो जिलेटिनचा थर, मागच्या कागदापेक्षा जास्त आकसतो आणि प्रिंट इमल्शनच्या बाजूला वळतो. पावसाळ्यात फारसं जाणवत नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत रात्री जाळीवर ठेवलेल्या प्रिंटची सकाळपर्यंत सुरळी झालेली असते. आरसी (रेझिन कोटेड) पेपरला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे त्याला हा त्रास जवळजवळ नाहीच.

यावर खात्रीचा इलाज म्हणजे ड्राय माउंट प्रेस. वर तापणारी जड प्लेट, खाली गादी आणि दाबायला दांडा. प्लेट ८० ते ९० अंशांवर आणायची, दोन स्वच्छ पुठ्ठे आधी रिकामेच दाबून त्यांतली ओल घालवायची, मग त्यांच्यामध्ये प्रिंट ठेवून एक-दोन मिनिटं दाबायचा आणि गरम असतानाच जाड काचेखाली सरकवायचा. खरं काम तो काचेखाली थंड होताना होतं. उष्णता जास्त झाली तर प्रिंटवर चकाकणारे डाग पडतात, पुठ्ठ्याला चिकटतो, कडा पिवळ्या पडतात. तेव्हा या यंत्रात पैसे मोजायचे ते तापमानावरच्या ताब्यासाठी.

आपल्याकडे जे जुने प्रेस अधूनमधून विकायला येतात त्यांत अमेरिकन माल बराच असतो. मला मुंबईतल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या विक्रेत्याकडे असा एक मिळाला. किंमत ४६,००० रुपये, वाहतूक वेगळी. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, म्हणून मी पहिलाच प्रश्न व्होल्टेजचा विचारला. मेसेजला उत्तर न देता त्याने फोन केला. "साहेब, आतलं एलिमेंट नवीन भरलंय. डायरेक्ट सॉकेटला लावा." मी म्हटलं, हे मेसेजमध्ये लिहून द्या. पुन्हा फोनच आला, आणि पाठोपाठ २३० व्होल्ट छापलेल्या स्टिकरचा फोटो. मग एक व्हिडिओ: डायल फिरतोय, लाल दिवा लागतोय, वळलेला प्रिंट आत जातोय, सपाट होऊन बाहेर येतोय. मी सगळे पैसे पाठवले. जे लिहून द्यायला माणूस टाळतो ते खोटं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

प्रेस आला तेव्हा त्याला नवीकोरी केबल आणि १६ अँपियरचा तीन पिनांचा प्लग होता. तो पाहून उरलीसुरली शंकाही गेली. एसीच्या सॉकेटला लावला, डायल १९० फॅरनहाइटवर ठेवला, म्हणजे साधारण ८८ अंश. लाल दिवा भक्कन पेटला आणि थोड्या वेळात विझला. या यंत्रांत तापमान गाठलं की दिवा विझतो, त्यामुळे प्रेस तयार झाला असं मी समजलो. प्रत्यक्षात दिवा जळून गेला होता आणि प्लेट तापतच होती.

आत ठेवलेला प्रिंट त्या बायकांचाच होता, १२ बाय १६ इंची. तासभर धुतलेला, टिकावा म्हणून सेलेनियमच्या द्रावणात टोन केलेला. मिनिटभरात करपलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. दांडा उचलला तर वरचा पुठ्ठा मधोमध चॉकलेटी झालेला आणि इमल्शन त्याला चिकटलेलं. ओढल्यावर घण उगारलेल्या बाईचा खांदा आणि अर्धा चेहरा पुठ्ठ्यासोबत निघून आला. निगेटिव्ह शाबूत आहे हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो, तरी हात थरथरत होते.

आमच्या ओळखीचे इलेक्ट्रिशियन काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली पत्र्यावर कोरलेलं होतं: १२० व्होल्ट, १००० वॅट. मग प्लगच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला: १४ ओहम. एलिमेंट जुनंच होतं. १००० वॅटचं एलिमेंट २३० व्होल्टसाठी असेल तर सुमारे ५३ ओहम दाखवायला हवेत. व्होल्टेज दुपटीच्या आसपास गेलं की वॅट जवळजवळ चौपट होतात, म्हणजे हे यंत्र साडेतीन हजार वॅटच्या वर खेचत होतं. थर्मोस्टॅटच्या पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, आपोआप बंद होण्याचा प्रश्नच नव्हता. "तुम्ही बाजूच्या खोलीत गेला असतात तर?" काकांनी विचारलं. घरात माझी आई होती.

रात्री तो व्हिडिओ आवाज वाढवून पुन्हा पाहिला. मागे सतत घूं घूं ऐकू येतं. टेबलाच्या कडेवरून एक जाड करडी केबल चौकटीबाहेर जाते. तिथे खाली २३० व्होल्ट १२० वर आणणारा ट्रान्सफॉर्मर होता, दुसरं काही असणं शक्य नाही. म्हणजे हे यंत्र थेट लावलं तर काय होईल हे त्याला पक्कं माहीत होतं. जुनं यंत्र आहे, ट्रान्सफॉर्मर लागेल, असं सांगितलं असतं तर मी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून १५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपियर) ट्रान्सफॉर्मर आणला असता आणि प्रेस आनंदाने वापरला असता.

तेव्हा असा प्रेस घेणाऱ्यांनी एवढं कराच. विक्रेत्याकडून मूळ पत्र्याचा फोटो मागा, स्टिकरचा नको. डायल चढवून, स्विच चालू करून, प्लग सॉकेटमध्ये न घालता पिनांमधले ओहम मोजायला लावा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. यंत्र आलं की काही ठेवण्याआधी अर्धा तास रिकामं चालवा आणि प्लेटवर वेगळा तापमापक टेकवून पाहा.

बरेच जण विचारतात, टी-शर्ट छापायचा प्रेस चालेल का? चालतो. ३८ बाय ३८ सेंटिमीटरचा नवा प्रेस बराच स्वस्त पडतो आणि आपल्याच विजेवर चालतो. पण तो १८०-२०० अंशांच्या कामासाठी बनवलेला असतो, त्यामुळे ८५ वर लावला तरी आधी बराच वर जातो. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मोजा, दाब हलका ठेवा, प्रिंटच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा हवाच. मात्र त्यालाच नवा रंग देऊन 'फोटो प्रेस' म्हणून तिप्पट भावात कोणी विकत असेल तर घेऊ नका.

पैशांचं म्हणाल तर बिलावर 'जुना माल, परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आहे आणि विक्रेता त्याच्याकडेच बोट दाखवतो. पण स्टिकरचा फोटो त्याच्याच नंबरवरून आलेला आहे. तो, व्हिडिओ आणि पत्र्याचे फोटो जोडून मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, वकिलाची नोटीसही गेली. त्यावर "वीस हजार देतो, तक्रार मागे घ्या" असा फोन आला. लिहून द्या म्हटल्यावर फोन बंद. आता ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय.

त्या बाईचा प्रिंट मी परवा पुन्हा काढला. सध्या तो दोन टिपकागदांमध्ये, जाड काचेखाली आहे आणि वर आईचा पाटा ठेवलाय. चार दिवस झाले, डावा कोपरा अजून थोडा उचललेला आहे.