नांदेड पॅटर्नचा शोषखड्डा, दीड वर्ष वापरल्यावर (४.५/५)

आमचं गाव माण तालुक्यातलं, टँकरची वाट बघत मोठे झालेलो आम्ही. सरकारच्या जलजीवन योजनेचा नळ दारात आला, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबानं, म्हणजे आमच्या सहा माणसांना ३३० लिटर, आणि त्यातलं बरंचसं मोरीतनं थेट रस्त्यावर. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी बायका मैलभर चालल्यात तिथं दारात बारा महिने चिखल नि डास, बघवत नव्हतं ओ.

हे सांडपाणी जमिनीत जिरवायला पहिला शोषखड्डा एका ठेकेदाराकडून करून घेतला तो पूर्ण फसला. त्यानं नुसते दगडगोटे टाकले आणि वर माती लोटली. चार महिन्यात तुंबलं, उकरून बघितलं तर दगडांना साबण नि तेलाचा पांढरट चिकट थर, मधे सडलेली भाताची शितं, वास एवढा की आईनं दोन दिवस पुढचं दार उघडलं नाही. पैसे गेले ते गेलेच.

मग गावातल्याच गवंडीमामांकडून नांदेड पॅटर्नचा केला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं (हिमायतनगर तालुका) घरोघरी हे खड्डे करून उघडी गटारं नि डास घालवले, तिथलीच पद्धत. ४ बाय ४ बाय ४ फुटाचा खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या भागात भोकं, बाजूनं दगड, खाली मोठे वर बारीक, त्यावर गोणपाट मग माती. सगळं काम ती टाकी करते, पाणी आधी तिच्यात पडतं, गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकातनं दगडात जाऊन मुरुमात जिरतं, त्यामुळं दगड चोंदत नाहीत. आधीच्या खड्ड्यात नेमकी हीच टाकी नव्हती.

दीड वर्षात एकदाही तुंबला नाही. पण गाळ काढायला लागतोच, आम्ही दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडून तळाचा काळा रबडा बादलीनं उपसतो आणि उकिरड्यात टाकतो, अर्धा तास लागतो. मोरीच्या तोंडाला जाळी पाहिजेच, चहाचा चोथा सुद्धा जाऊ देऊ नका. संडासाचं पाणी यात अजिबात सोडायचं नाही आणि विहीर, बोअरपासून लांबच खणायचा.

अर्धा मार्क कापला कारण काळ्या मातीत हा चालत नाही. आमचा मुरूम आहे म्हणून जिरतं, ओढ्याकडच्या आळीत काळं रान आहे तिथं चुलत्यांचा खड्डा पावसाळ्यात भरूनच राहतो. तिथं खरं म्हणजे सगळ्या आळीचं पाणी एकत्र आणून आधी गाळ बसवायची टाकी आणि पुढं खडीच्या वाफ्यात कर्दळ लावायला पाहिजे, नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र याच धर्तीचं आहे आणि निघालेलं पाणी झाडांना देता येतं. आमच्यासारख्या कोरड्या भागात तर ते सोन्यासारखं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत लोकवस्तीच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद धरलीय, तेव्हा ग्रामसभेत उठून विचारा, मी विचारलंय आणि परत विचारणार आहे.

करून घेणार असाल तर एक करा, झाकण ओततानाच त्यात सळईच्या दोन कड्या बसवून घ्या. आमच्या झाकणाला नाहीत, पहार घालून उचलावं लागतं आणि आई-वडील एकटे असले की गाळ काढायचा राहून जातो.