नाओशिमा की तेशिमा? एकट्याने निवांत दिवस घालवायचा तर

दोन्ही जपानमधली कलेसाठी प्रसिद्ध बेटं. नाओशिमाला जाणं सोपं, उनो बंदरातून फेरीबोटीने 20 मिनिटं, आणि वास्तुविशारद तादाओ आंदोने जमिनीखाली बांधलेलं चिचू म्युझियम तर बघायलाच हवं, चित्रकार मोनेची कमळांची चित्रं तिथे फक्त नैसर्गिक उजेडात दिसतात. पण कलाकार यायोई कुसामाच्या पिवळ्या भोपळ्याच्या शिल्पापाशी फोटोसाठी गर्दी असते हो.

तेशिमाचं वेगळंच. इएउरा बंदरावर इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घ्यायची, चढ चढून गेलं की भातखाचरं, खाली समुद्र, आणि मधे ते पांढरं थेंबासारखं म्युझियम, 2010 चं. आत एकही खांब नाही, फरशीतून पाण्याचे थेंब येतात, सरकतात, एकमेकांत मिसळतात, छताच्या मोकळ्या भागातून वारा येतो आणि आपण नुसतं बसून राहायचं. मी तेशिमाच निवडेन. फक्त परतीची फेरी आधी बघून ठेवा, फेऱ्या मोजक्याच असतात.