तोंडातली नळी की गळ्यातली?

व्हेंटिलेटरवर आठ-दहा दिवस झाले की डॉक्टर नातेवाइकांना बोलावून ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे श्वासाची नळी तोंडाऐवजी गळ्यातून बसवण्याचा विषय काढतात. गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल असो की मडगावचं, आयसीयूबाहेरच्या बाकावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "गळ्याला भोक? म्हणजे आता काही खरं नाही." मग कोणी गावच्या देवळात कौल घ्यायला जातं, कोणी मुंबईच्या ओळखीतल्या डॉक्टरला फोन लावतं. कौल जरूर घ्या. पण त्याआधी आयसीयूतल्या डॉक्टरांना विचारा, नळी अजून किती दिवस लागेल? निवड बरीचशी या उत्तरावरच ठरते.

तोंडातली नळी स्वरयंत्राच्या पट्ट्यांमधून श्वासनलिकेत जाते. तातडीच्या वेळी तीच घालतात. कापाकापी नाही, काढल्यावर व्रण नाही. मात्र शुद्धीत असताना ती सोसत नाही, म्हणून गुंगीचं औषध चालू ठेवावं लागतं. गुंगीत माणूस नीट खोकत नाही, पडून पडून स्नायू झिजतात. ओठांचे कोपरे सोलवटतात, तोंड धड साफ करता येत नाही, आणि आठवडे लोटले तर स्वरयंत्रालाही इजा होऊ शकते.

गळ्यातली नळी स्वरयंत्राच्या खाली, लहानशा छेदातून बसवतात. पुष्कळदा खाटेवरच, साधारण अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर गुंगी कमी करता येते, कफ ओढणं सोपं जातं, आणि मेंदूला मार नसेल तर पेशंटला खुर्चीत बसवून व्हेंटिलेटर थोडा थोडा सोडवता येतो. धोकेही आहेतच: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे क्वचित श्वासनलिका अरुंद होणं. सगळ्यात जपायचं ते पहिल्या आठवड्यात नळी निसटण्यापासून. तेव्हा छेदाची वाट पक्की झालेली नसते, नळी परत घालणं अवघड जातं.

आवाज कायमचा जातो ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खोटी. नळीभोवती हवेचा छोटा फुगा असतो; तो फुगवलेला असेपर्यंत हवा स्वरयंत्राकडे जातच नाही, म्हणून बोलता येत नाही. पुढे फुग्यातली हवा काढून नळीच्या तोंडाला बोलण्याची झडप लावली की अनेक जण बोलू लागतात. आणि नळी काढली की छेद बहुधा काही दिवसांत आपोआप मिटतो.

मग लवकरच का करू नये? ब्रिटनमधल्या ट्रॅकमन चाचणीत (२०१३) एका गटाला पहिल्या चार दिवसांत ट्रॅकिओस्टॉमी करायचं ठरलं, दुसऱ्याला दहा दिवसांनंतर, गरज उरलीच तर. तीस दिवसांतल्या मृत्यूंत फरक पडला नाही. आणि थांबलेल्या गटात निम्म्याहून अधिक जणांना ती करावीच लागली नाही. म्हणून न्यूमोनिया उतरतोय, दोन-चार दिवसांत नळी निघेल असं डॉक्टर म्हणत असतील तर मी थांबेन. पण दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार बसलाय, किंवा गुलियाँ-बारेसारख्या नसांच्या आजाराने श्वासाचे स्नायूच दुबळे झालेत, तिथे केवळ भीतीपोटी दिवस ढकलण्यात फायदा दिसत नाही.

आजारातून बरं होण्याची आशाच नसेल तर प्रश्न नळीचा राहत नाही. पेशंटने वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करून ठेवलंय का, ते आधी पाहा. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात असं इच्छापत्र केलं, तेव्हापासून इथे हा विषय थोडा उघडपणे बोलला जातो.

पेशंटला गळ्यातल्या नळीसह घरी न्यायचं असेल तर कफ ओढायचं यंत्र लागेल, वीज गेली तर त्याची सोय लागेल, आणि दोघांना तरी गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी, काढून धुवायची नळी साफ करण्यापासून सगळं शिकून घ्यावं लागेल. आंघोळीचं पाणी छेदात जाता कामा नये. समुद्र, नदी, तळी बंद. आणि थर्मासमधून पेज आणाल तर नर्सला विचारल्याशिवाय चमचाभरही पाजू नका. गिळण्याची तपासणी व्हायच्या आधी पातळ पदार्थच फुप्फुसात उतरण्याची भीती जास्त. घट्टसर पदार्थ त्या मानाने बरे, पण तेही विचारूनच.

संमतीपत्रावर सही करण्याआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या का, ते सांगा, अगदी हृदयासाठीची छोटी अ‍ॅस्पिरिनसुद्धा. छेद द्यायचा दिवस त्यावरून मागे-पुढे होऊ शकतो.