लातूर, अंबाजोगाई रोडचा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना: इथं दोन दाढांच्या मधलंही बघतात

माझं औशात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मुलगी ईश्वरी साडेचार वर्षांची. जेवताना डाव्या बाजूनं चावायचं टाळू लागली, शेंगदाण्याची चटणी भाकरी खाल्ली की बोट तोंडात घालून काहीतरी काढत बसायची. आधी एका दवाखान्यात दाखवलं. तिथं बॅटरीचा उजेड मारून 'कीड दिसत नाही' म्हणून परत पाठवलं. आई म्हणाली, "अरे दुधाचे दात हायेत, पडणारच हायेत की, कशाला लेकराला फिरवायलास?" पण लेकरू जेवत नव्हतं, म्हणून लातूरला नेलं.

हा दवाखाना फक्त मुलांच्या दातांचा. डॉक्टर मॅडमनी आधी ईश्वरीलाच हातात आरसा दिला आणि दात मोजायला लावले. मग दाढा कापसानं पुसून हवेच्या फवाऱ्यानं कोरड्या केल्या. ओल्या दाढेवर सुरुवातीची पांढरी खूण दिसत नाही, कोरडी केली की दिसते, हे त्यांनी करता करता सांगितलं. त्यानंतर बाजूनं बारीक प्रकाश टाकला. जिथं आत कीड असते तिथं उजेड अडतो आणि सावली पडते.

उजव्या बाजूच्या दाढांमध्ये वर-खाली दोन्हीकडं उघडी फट होती. दाढांच्या बाजू डोळ्यानं सरळ दिसत होत्या, म्हणून त्या बाजूचा एक्स-रे मॅडमनी काढलाच नाही. हे मला फार आवडलं. डावीकडं मात्र दाढा एकमेकींना चिकटलेल्या. इंजिनमधल्या टॅपेटची बारीक फट मी डोळ्यानं ठरवत नाही, फिलर म्हणजे मापाची पातळ पट्टी घालूनच मोजतो. इथं तर फटच नाही, मग नुसत्या बॅटरीनं आतलं कसं कळणार?

चिकटण्याचेही प्रकार असतात, हे मला इथं पहिल्यांदा कळलं. छोटा आरसा तोंडात धरून मॅडमनी दाढांचा वरून फोटो काढला आणि संगणकावर मोठा करून दाखवला. चेन्नईच्या बालदंतवैद्यांनी २०१८ मध्ये याची चार गटांत विभागणी मांडली: मध्ये फट असेल तर ओ, एका बिंदूला टेकल्या असतील तर एक्स, सरळ लांब रेषेत चिकटल्या असतील तर आय, आणि वळणदार चिकटल्या असतील तर एस. दुधाच्या दाढांमध्ये आय सगळ्यांत जास्त सापडतो. जितकी जास्त जागा चिकटलेली तितकं ब्रश पोचणं अवघड, आणि आय-एस प्रकारात कीड लागायचा धोका वाढतो. ईश्वरीची खालची डावी जोडी आय, वरची एस. हे संशोधन सीबीसीटी नावाच्या थ्री-डी स्कॅनवर झालं होतं, पण नुसती जोडी कशी चिकटली हे बघायला लेकराला तसल्या स्कॅनमध्ये घालायची गरज नाही, फोटो पुरतो, असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या. अजून एक पद्धत म्हणजे माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा, पण साडेचार वर्षांच्या मुलीच्या तोंडात माप घेण्याचा पदार्थ भरायला त्या तयार नव्हत्या. मलाही ते पटलं.

मग फ्लॉस म्हणजे दातांच्या मधली जागा साफ करायचा बारीक धागा घातला. वरच्या जोडीतून 'टक' करून गेला आणि साफ बाहेर आला. खालच्या जोडीतून काढताना विसकटला, तंतू सुटले. धागा विसकटला म्हणजे कडा खडबडीत असू शकते, पण त्यावरून कीड आहे असं म्हणायचं नाही, एक्स-रे बघायचा, असं त्यांचं म्हणणं.

त्यासाठी बाइटविंग नावाचा एक्स-रे काढला. मुलांसाठी लहान पट्टी असते, साधारण २२ बाय ३५ मिलिमीटरची, ती कागदी पंखाला चावून धरायची. ईश्वरीला हिरडीला टोचली, रडायला लागली. मॅडमनी पट्टी काढली, तिला हातात धरू दिली, थोड्या वेळानं पुन्हा लावली. किरणांची मला भीती होती, म्हणून विचारलं. असा एक एक्स-रे म्हणजे काही मायक्रोसीव्हर्ट (किरणं मोजायचं एकक), एका दिवसात निसर्गातून आपल्याला मिळतं त्याच्या आसपास किंवा कमी. एका फोटोत डावीकडच्या वरच्या-खालच्या दोन्ही जोड्या आल्या. वरच्यात दाताच्या बाहेरच्या कडक आवरणातच बारीक काळी खूण. खालच्यात ती आवरण ओलांडून थोडी आत गेलेली. दुधाच्या दातांचं आवरण कायमच्या दातांच्या साधारण निम्मं जाड, म्हणून कीड लवकर आत पोचते.

आता इथं दुसरा कोणी असता तर लगेच ड्रिल लावलं असतं, असं मला वाटतं. मॅडम म्हणाल्या, आत सावली आहे हे एक्स-रे सांगतो, पण वरचा पृष्ठभाग फुटलाय की शाबूत आहे हे तो सांगत नाही. त्यांनी खालच्या दोन दाढांमध्ये रबराची छोटी रिंग बसवली आणि काही दिवसांनी बोलावलं. रिंग काढली तेव्हा बारीक फट झाली होती आणि पृष्ठभाग समोर दिसत होता. पांढरट, खडबडीत, पण खड्डा नाही. ड्रिल टळलं. दोन्ही जागी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे कीड रोखणारा लेप लावला, रोज रात्री फ्लॉस सांगितला, सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. खड्डा असता तर ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं कीड थांबवायचं औषध लावता येतं, त्यानं किडलेली जागा कायमची काळी पडते, हेही आधीच सांगून ठेवलं. रिंगनं झालेली फट लवकर आपोआप बंद होते, घाबरायचं नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. या दाढा दहा-अकराव्या वर्षापर्यंत राहतात आणि मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. लवकर काढाव्या लागल्या तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढं सरकते आणि जागा जाते. आईनं ते ऐकलं आणि आता रात्री फ्लॉस तीच धरते. धागा सरळ खाली दाबायचा नाही, पुढं-मागं करत हळू सोडायचा, एका दाढेला मिठी मारून वर ओढायचा, मग दुसरीला.

खटकलेल्या गोष्टी सांगतो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद होती, कडेवर लेकरू घेऊन चढावं लागलं. शनिवारी फार गर्दी, वेळ घेऊनही खूप थांबावं लागलं. तपासणीचे ३०० आणि एक्स-रेचे २०० रुपये, रिंगचे वेगळे. ते आधी फलकावर लिहून ठेवलं तर बरं. मुलांसाठीची फ्लॉसची काडी औशात मिळत नाही, लातूरहूनच जास्तीची पाकिटं घेऊन या.

चिकटलेल्या दाढांची तपासणी करायची असेल तर मी हाच दवाखाना सुचवीन. जाताना आधीचा एक्स-रे असेल तर सोबत न्या, आणि नवीन काढलेल्याचा फोटो मोबाइलवर मागून घ्या. पुढच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवले की सावली वाढली का तिथंच थांबली, हे तुम्हालाही दिसेल.