गोधडीचा काठ: अस्तर दुमडायचं की वेगळी पट्टी लावायची?

हे ठरवायचं ते अस्तर, म्हणजे गोधडीचं खालचं कापड, कापायच्या आधी. दुमडीच्या काठाला अस्तर चारही बाजूंनी तीन इंच जास्त लागतं, म्हणजे पाच बाय सात फुटांच्या गोधडीला साडेपाच बाय साडेसात फूट. वेगळी पट्टी लावायची तर सगळे थर एकाच मापाचे चालतात.

दुमडीचं काम सोपं. अस्तर वर घ्यायचं, अर्धा इंच आत मुडपायचं आणि तिथूनच धावदोरा सुरू करून आत आत जायचं. कापड विकत आणावं लागत नाही, काठ मऊ राहतो. पण आधी मधला भाग टाक्यांनी भरून काठ शेवटी दुमडला, तर टाक्यांनी थर आकसलेले असतात आणि दुमड एका बाजूला दोन इंच, दुसऱ्या बाजूला सव्वा इंच येते. म्हणून आधी काठ, मग पोट. कोपऱ्यात थर दुप्पट होतात, तिथे जादा कापड तिरकं कापून काढलं नाही तर सुई मोडते.

इथपर्यंत दुमडीत वावगं काहीच नाही. अडचण येते ती काठ फाटल्यावर. गोधडी आधी काठालाच विरते: उशाकडे रोजच्या ओढण्याने आणि डोक्याच्या तेलाने, पायाकडे बाजेच्या सुतळीवर घासून. धुताना दोघं दोन टोकं धरून पिळतात, तो ताणही काठावरच. दुमडीत घडीवर कापडाचा एकच पदर असतो. तो बरोबर घडीवर चिरतो, आतले थर बाहेर डोकावतात, आणि अस्तरच फाटलेलं असल्याने बदलायला काही उरत नाही. शेवटी वरून पट्टी लावावीच लागते, तीही विरलेल्या कापडावर. माझ्या मते इथेच निकाल लागतो.

पट्टीसाठी ३६ इंची पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, सुती कापड दीड मीटर घ्या. जुन्या लुगड्याचा काठ मजबूत असतो, मोहही होतो, पण जरीचा असेल तर गळ्याला टोचतो. नवं कापड आधी कोमट पाण्यात भिजवून वाळवा. गोधडीतलं जुनं कापड आटून गेलेलं असतं आणि नवी पट्टी पहिल्या धुण्यात आटते, मग सगळा काठ चुण्या धरतो. लाल किंवा मरून असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

पन्ह्याला आडव्या, चार इंच रुंदीच्या दहा पट्ट्या काढा. जोड तिरका द्या, म्हणजे शिवण एका जागी जाड होत नाही. पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करा, उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून अर्ध्या इंचावर शिवा, मग घडी पलीकडे नेऊन तुरपाई करा. घडीवर दोन पदर येतात, दुमडीपेक्षा हाच मोठा फरक. मशीनवर पाच-सहा थरांना १८ नंबरची सुई आणि लांब टाका ठेवा.

एकच सलग पट्टी चारही कोपऱ्यांत वळवू नका. दिसते देखणी, पण एक बाजू बदलायची तर कोपरे कापावे लागतात. आधी सात फुटी दोन्ही बाजू लावा, तीन-तीन पट्ट्यांच्या. मग पाच फुटी दोन, दोन-दोन पट्ट्यांच्या, टोकं इंचभर आत मुडपून, लांब पट्ट्यांवरून. पुढे उशाकडची पट्टी एकटी उसवून निघते, बाकीच्या शिवणीला हात लागत नाही.

बाळाच्या दुपट्याला मात्र दुमडच बरी. ते विरण्याआधीच लहान होतं, आणि जाड काठ बाळाच्या गालाला रुततो.

पट्ट्या काढून कापड सतरा-एक इंच उरतं. त्यात दोन्ही आखूड बाजू पुन्हा होतात. बदलताना दोन्ही एकदमच बदला. वैशाखाच्या उन्हात वाळून वाळून जुनी पट्टी फिकी पडलेली असते, आणि एकच नवी लावली तर ठिगळ दिसतं.